शेडमध्ये बुडालेली बोट

आमची बोट शेवटी बुडाली. शेडमध्ये, सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर, रविवारी भर दुपारी, क्लबचे बहुतेक सभासद बघत असताना. जीवितहानी झाली नाही. एका थर्मासला पोचा आला.

आता हे वाचलंत ते विसरून जा. तसं काही झालेलंच नाही. बोट तिच्या लाकडी घोडीवर नीट उभी आहे, थर्मास शाबूत आहे, आणि माझे बाबा आणि माझे मामा एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. तिथून सुरुवात करू.

आमच्या क्लबच्या बोटी वर्षातले काही महिने पाण्यात असतात आणि उरलेले शेडमध्ये. वारा पिसाळला की बोटी वर ओढायच्या, घोड्यांवर चढवायच्या, आणि वारा शुद्धीवर येईपर्यंत सभासदांनी एकमेकांना व्याख्यानं द्यायची, अशी पद्धत आहे. दर रविवारी दुपारी कोणीतरी नौकानयनावर किंवा सागरी इतिहासावर बोलतं. समुद्रात जाण्यापेक्षा समुद्राबद्दल बोलणं सुरक्षित, असा त्यामागचा विचार. चांगला विचार होता.

या व्याख्यानांची सचिव मी आहे. माझी निवड रीतसर झाली, म्हणजे ज्या बैठकीत झाली तिला मी गैरहजर होते. मी दातांच्या दवाखान्यात लोकांना भेटीच्या वेळा देते. तेव्हा नको असलेल्या गोष्टीसाठी माणसांना वेळेवर बोलावण्याचा मला अनुभव आहे, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. ते खोटं नाही. दोन्हीकडे समोरच्याचं तोंड उघडं असतं. दवाखान्यात आधी भूल देतात, एवढाच फरक.

हंगाम तसा बरा चालला होता. पहिलं व्याख्यान दीपगृहांवर. वक्ते स्वतः निवृत्त दीपगृहरक्षक. एकाच दिशेला तोंड करून बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते सावकाश गोल फिरत बोलले आणि प्रत्येकाला व्याख्यानातला आपापल्या वाट्याचा भाग ऐकू आला. दुसरं गाठींवर, दोरखंडाच्या दुकानदाराचं. त्यांनी अध्यक्षांना खांबाला बांधून एक गाठ दाखवली, ती सुटता सुटेना, आणि आभारप्रदर्शन अध्यक्षांनी खांबावरूनच केलं. तिसरं समुद्री चाच्यांवर, एका करवसुली अधिकाऱ्याचं. ते चाच्यांबद्दल फार आपुलकीने बोलले.

आता बसण्याच्या व्यवस्थेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. शेड बोटींनी इतकी भरलेली असते की खुर्च्यांना जागाच नाही. म्हणून प्रत्येक जण आपापल्या बोटीत बसतो. शिडी लावून चढायचं, बसायचं, ऐकायचं. ज्यांना बोट नाही ते दुसऱ्याच्या बोटीत पाहुणे. पूर्वी लोक व्याख्यान रंगात आलं की हळूच उतरून पळायचे. त्यावर उपाय म्हणून त्या वेळच्या सचिवांनी नियम केला, जो आजही भिंतीवर चौकटीत टांगलेला आहे: ‘व्याख्यान सुरू असताना शेडची जमीन हे पाणी समजण्यात येईल. बोटीतून खाली उतरणारी व्यक्ती पाण्यात पडली असे मानून व्याख्यान थांबवावे, व तिच्याच बोटीतल्या सोबत्याने दोरी बांधलेली तरंगती रिंग टाकून तिला वर घ्यावे.’ वक्ता ज्या खोक्यावर उभा राहतो ते बेट समजण्यात येतं. त्या नियमानंतर कोणी पळालं नाही. चारचौघांसमोर लाल-पांढऱ्या रिंगला धरून परत येण्यापेक्षा भरती-ओहोटीचा इतिहास परवडतो.

हा नियम करणारे त्या वेळचे सचिव म्हणजे माझे बाबा. बाबा वजनमापं तपासणारे अधिकारी होते. तराजू, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या. जगातली प्रत्येक वस्तू ठरल्यापेक्षा थोडी कमी भरते, असा त्यांचा अनुभव होता, आणि माणसांपैकी कमी भरणारे म्हणून त्यांनी मामांना धरलं होतं.

मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. वर्तुळ काढायला कंपास वापरणाऱ्या माणसाला ते माणूस मानत नाहीत.

एका तरुण, बेसावध क्षणी या दोघांनी मिळून शिडाची एक लहान बोट घेतली. निम्मी निम्मी. बाबांनी पट्टी लावून बरोबर मध्य काढला. पुढचा अर्धा बाबांचा, मागचा मामांचा. शीड पुढे, म्हणून शिडाची दोरी बाबांच्या हातात. सुकाणू मागे, म्हणून ते मामांकडे. ज्याच्या हाती सुकाणू तो कॅप्टन, असं मामा मानायचे. वयाने मोठा तो कॅप्टन, असं बाबा मानायचे. दोघांनीही हे एकमेकांना सांगितलं नव्हतं, कारण इतकी उघड गोष्ट सांगायची काय?

आणि मग ती शर्यत झाली. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या घरात ती इतक्यांदा, आणि इतक्यांदा अर्धीच, सांगितली गेलीय की मला ती तोंडपाठ आहे. आयुष्यात पहिल्यांदाच आमची बोट सगळ्यांच्या पुढे होती. वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेलं पिंप जवळ आलं. अशा बोटीत वळताना कॅप्टनने ‘तयार?’ विचारायचं, सोबत्याने ‘तयार’ म्हणायचं, मग दोघांनी मिळून दुसऱ्या बाजूला सरकायचं आणि वळायचं. उत्तर आल्याशिवाय वळायचं नाही. उत्तर आलं नाही. बोट वळली नाही. ती पिंपाच्या बाजूने सरळ पुढे गेली आणि नांगर टाकून उभ्या असलेल्या पंचांच्या बोटीवर आदळून उलटली. पंच म्हणजे आत्ताचे अध्यक्ष. ते जेवत होते. त्यांचा डबा तळाशी गेला.

त्या दिवसापासून बाबा आणि मामा बोलत नव्हते. दोघांचे फ्लॅट एकाच जिन्यावर, समोरासमोर. मामा एकटेच असतात, म्हणून आई दोन्हीकडचा स्वयंपाक एकदम करते आणि मामांचं ताट घेऊन दोन पावलं चालते. तेवढ्यात तिला दोन्हीकडचे निरोप मिळतात. बाबा मामांना ‘आपले थोर मामासाहेब’ म्हणायचे. मामा बाबांना ‘तुझे तीर्थरूप’. दरवाजे उघडे असले की दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं, तरी निरोप आमच्यामार्फतच. जिन्यातला दिवा गेलाय, हे मामांनी मला सांगायचं, मी मागे वळून बाबांना सांगायचं, आणि बाबांनी माझ्या खांद्यावरून मामांकडे बघत मला सांगायचं की दिसतंय म्हणावं.

बोट मात्र विकली नाही. विकायची तर बोलावं लागतं. रंग दोघं आपापल्या अर्ध्याला द्यायचे. बाबांचा अर्धा निळा, मामांचा हिरवा, आणि तो हिरवा मामांनी स्वतः मिसळलेला, त्यामुळे तो दर वर्षी वेगळा. मध्यावरची बोटभर रुंदीची पट्टी तेवढी कोणाचीच नसल्याने कोरीच राहायची. ताडपत्री टाकायला मामा जायचे. ती त्यांच्या अर्ध्यापुरतीच असायला हवी होती, पण ती नेहमी टोकापर्यंत पोचायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “ताडपत्री मोठीच मिळते. काय करणार?”

यंदा क्लबची नोटीस आली. जी बोट पाण्यात जात नाही तिची जागा शेडमध्ये राहत नाही, हा जुनाच नियम. अध्यक्ष इतकी वर्षं डोळेझाक करत होते, पण आता जागेसाठी रांग लागली होती. या हंगामात, म्हणजे वारा ओसरून सगळ्या बोटी पुन्हा पाण्यात सोडायच्या दिवसापर्यंत, बोट पाण्यात उतरली नाही, तर त्या दिवशी जागा रिकामी करावी, असं नोटिशीत होतं. बोट दोघांशिवाय चालत नाही. आणि बोलल्याशिवाय दोघांना ती चालवता येत नाही. आईमार्फत बरीच ये-जा झाली आणि शेवटी दोघांचं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एका गोष्टीवर एकमत झालं: बोट मध्यावर करवतीने कापायची आणि ज्याचा अर्धा त्याने आपल्या बाल्कनीत न्यायचा.

आई ताट हातात धरून जिन्यात उभी राहिली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग म्हणाली, “मग मलाही कापा. कमरेपासून. वरचा भाग नवऱ्याकडे द्या, बोलून घेईल. पाय भावाकडे राहू देत, त्याचं ताट पोचवायला.”

बाबांनी करवत आणली. पण तिच्यावरचा कागद काढला नाही. ती दाराआड तशीच, गुंडाळलेल्या छत्रीसारखी उभी राहिली.

त्याच आठवड्यात मामा दवाखान्यात आले. त्यांचे दात उत्तम आहेत. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी मला विचारलं की हंगामातला शेवटचा रविवार मोकळा आहे का. मोकळा होता. भरती-ओहोटीवर बोलणाऱ्या प्राध्यापकांनी वेळेचा घोळ करून आदल्याच रविवारी भल्या सकाळी येऊन रिकाम्या शेडला व्याख्यान दिलं होतं. मामांना विषय विचारला. ‘एका अपघाताची कारणमीमांसा.’ मी पेन खाली ठेवलं.

म्हटलं, मामा, चारचौघांत उणीदुणी काढायची आहेत का?

“नाही गं,” ते म्हणाले. “त्यांना बोलायला लावणं माझ्याच्याने होत नाही. पण व्याख्यान म्हटल्यावर ऐकायला तर बसतील ना? तुझे तीर्थरूप व्याख्यान चुकवत नाहीत. मध्येच उठतही नाहीत, नियम त्यांचाच आहे. एकदा पूर्ण ऐकलं त्यांनी, की मग बोट कापा म्हणावं.”

मी तारीख दिली. दवाखान्याच्या सवयीने ‘काही खाऊन येऊ नका’ असंही सांगितलं.

त्या रविवारी शेड खच्चून भरली. विषय भिंतीवर लागला होता आणि क्लबमध्ये तो कोणता अपघात हे माहीत नसलेला माणूस नव्हता. मामांनी बेट नाकारलं. ते आपल्याच अर्ध्यात, सुकाणूजवळ उभे राहिले. बाबा आले. डोक्यावर शर्यतीतली जुनी टोपी. शिडी चढून आपल्या अर्ध्यात बसले, मामांकडे पाठ करून. शेजारच्या बोटीत अध्यक्ष, मांडीवर चहाचा थर्मास, आणि पाहुणी म्हणून आई. मी पलीकडच्या बोटीत, रिंग शेजारी घेऊन.

मामांनी सुरुवात छान केली. मोठमोठी जहाजं वादळाने बुडत नाहीत, ती आतल्या शांततेने बुडतात, वगैरे. दीपगृहरक्षक मान डोलावत होते, अर्थात गोल. मग मामा शर्यतीवर आले. वारा कसा होता, पाणी कसं होतं, पुढे कोणीच नव्हतं तेव्हा कसं वाटलं. आणि मग म्हणाले, “पिंप आलं. मी ‘तयार?’ असं विचारलं. उत्तर आलं नाही.”

बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी मान न वळवता मला हाक मारली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सचिवबाई, वक्त्यांना सांगा. विचारलं मी होतं. उत्तर मला आलं नाही.”

आणि ते उठले, शिडीवरून उतरले आणि दाराकडे चालू लागले.

शेडमध्ये एकच कुजबुज झाली. मी भिंतीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. नियम स्पष्ट होता. माणूस पाण्यात होता. मी रिंग उचलून मामांकडे फेकली, कारण सोबती तेच. मामांनी ती झेलली आणि नुसती धरून उभे राहिले. त्यांच्या हातात इतकी वर्षं खडू असायचा. खडू नेमका फेकता येतो. रिंग वेगळी.

“दाजी,” मामा म्हणाले. आमच्यामार्फत नाही. थेट. “दाजी, तुम्ही बुडताय.”

बाबा दाराशी थांबले. रिंग जमिनीवरून गडगडत गेली आणि त्यांच्या पायाला लागून आडवी झाली. त्यांनी आधी रिंगकडे बघितलं, मग चौकटीतल्या नियमाकडे, ज्याखाली त्यांची सही आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासलेला माणूस. वाकले. रिंग उचलली. मामांनी दोरी ओढली आणि बाबा दोरीच्या वेगाने चालत, पोहल्यासारखे एक हात थोडा हलवत, परत आले. नियमात हात हलवायचं लिहिलेलं नाही. ते त्यांनी स्वतःहून केलं.

तेव्हा अध्यक्षांनी घसा साफ केला. म्हणाले की त्या दिवशी तिथे जवळ फक्त तेच होते, आणि त्यांनी ‘तयार?’ दोनदा ऐकलं होतं. एकाच क्षणी, दोन आवाजांत. “मला वाटलं, प्रतिध्वनी आहे,” ते म्हणाले. “मी जेवत होतो.”

दोघं एकमेकांकडे बघत होते. दोघांनी एकाच क्षणी विचारलं होतं, स्वतःच्या आवाजाखाली दुसऱ्याचा आवाज ऐकू आला नव्हता, आणि दोघं कॅप्टन असल्याने उत्तर द्यायला बोटीत कोणी नव्हतंच. त्या बोटीत कधी कोणी सोबती बसलाच नव्हता.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” आईने अध्यक्षांना विचारलं.

“मला कोणी विचारलं नाही,” अध्यक्ष म्हणाले. “सगळे डब्याचंच विचारत होते.”

व्याख्यान पुरं करायला हवं होतं. मामा म्हणाले, ते वळण एकदा करून दाखवू या. बाबा शिडी चढले आणि पहिल्यांदाच मागे तोंड करून बसले. मामांनी सुकाणू धरलं. बाबांनी नसलेल्या शिडाची नसलेली दोरी धरली. आम्ही सगळे आपापल्या बोटींच्या कडांवर ओणवलो. पिंप म्हणून दीपगृहरक्षक उभे राहिले.

पिंप आलं. आता कोण विचारणार? मामा गप्प. बाबा गप्प. दोघांच्या चेहऱ्यावर एकच होतं की आपण विचारायचं नाही, या वेळी दुसऱ्याला विचारू द्यायचं, आणि आपण उत्तर द्यायचं. आणि मग दोघं एकदमच बोलले.

“तयार,” मामा म्हणाले.

“तयार,” बाबा म्हणाले.

विचारलं कोणीच नव्हतं. पूर्वी दोन कॅप्टन होते आणि सोबती नव्हता. आता दोन सोबती होते आणि कॅप्टन नव्हता. दोघंही मोठ्या उत्साहाने सरकले, एकाच वेळी, एकाच बाजूला. घोडी कण्हली. बोट कलली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि शेजारच्या बोटीवर आपटून उलटली. अध्यक्षांचा थर्मास गेला, हे तुम्हाला माहीत आहेच.

सगळ्यात आधी आई खाली उतरली. पाणी असूनही. ती पोचली तेव्हा दोघं जमिनीवर शेजारी शेजारी आडवे होते आणि बोट त्यांच्यावर घरासारखी उपडी होती. आतून बोलणं ऐकू येत होतं.

“दाजी, लागलं का?”

“लागलं. तुम्हाला?”

“लागलं.”

“कुठे?”

“तुमचं कोपर लागलं मला.”

मग बाबांचा आवाज आला, “अहो, हा हिरवा आतून वेगळाच दिसतो. बरा आहे.”

आई तिथेच जमिनीवर बसली. मला वाटलं, ती रडतेय. ती हसत होती, पण डोळे पुसत होती, तेव्हा कोणता निरोप पोचवायचा ते मला कळलं नाही.

बोट उचलल्यावर कळलं की तळ फुटलाय. बरोबर मध्यावर. ती बोटभराची पट्टी, जी कोणाची नव्हती आणि जिला इतकी वर्षं रंगाचं कोणी विचारलं नव्हतं, ती आतून पार कुजली होती. करवतीची गरजच पडली नसती.

तेव्हापासून आमच्या जिन्यात शांतता नाही. दोघं सकाळपासून दरवाजे उघडे टाकून वाद घालतात. फळ्या कोणत्या, खिळे कोणते, मध्यावर रंग कोणता. निळ्यात हिरवा मिसळावा, असं मामा म्हणतात. मिसळायचा तर मापाने, असं बाबा म्हणतात. आई म्हणते, आधी बरं होतं, निदान घरात रेडिओ ऐकू यायचा. दोघांची ताटं ती आता मधल्या जिन्यात ठेवते आणि दोघं तिथेच पायरीवर बसून जेवतात, कारण वाद अर्धा सोडून आत कसं जाणार? करवतीचा कागद निघाला. नव्या फळ्या त्याच करवतीने कापल्या.

अडचण एकच उरली. फळ्या कापून होतात, बसवून होतात, पण सुकायला त्यांना त्यांचा वेळ लागतो. फळ्यांना नोटीस वाचता येत नाही. बोटी सोडायच्या दिवसापर्यंत आमची तयार होणार नाही, आणि त्या दिवशी जागा जाणार. मी अध्यक्षांना भेटले. त्यांनी मला पोचा आलेल्या थर्मासमधून चहा दिला आणि सांगितलं की बोट या हंगामात पाण्यात उतरलेली नाही, त्याला ते काय करणार. रांगेतला पहिला माणूस रोज येऊन शेड मोजून जातो. मी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, लेखी द्या.

म्हणून लेखी देत आहे.

सबब, व्याख्यान हंगामाची सचिव या नात्याने समितीस नम्र विनंती, की क्लबच्याच नियमानुसार व्याख्यान सुरू असताना शेडची जमीन हे पाणी असल्याने, हंगामाच्या शेवटच्या रविवारी सदर शेड हा नौकानयनास योग्य जलाशय होता, असे मान्य करावे. आमची बोट सदर जलाशयात समितीच्या समक्ष उलटून रीतसर बुडाली, व जी बोट पाण्यात उतरलीच नाही ती पाण्यात बुडू शकत नाही, हे विचारात घ्यावे. आणि ती चालू हंगामात पाण्यात गेलेली बोट समजून तिची जागा, तिच्या दोन्ही सोबत्यांसह, कायम करावी. पाण्याची खोली नमूद करणे आवश्यक असल्यास ती घोट्यापर्यंत होती असे माझे वडील म्हणतात. माझे मामा गुडघ्यापर्यंत म्हणतात. त्यांचे एकमत होईपर्यंत नोटिशीस स्थगिती मिळावी, ही विनंती.